गॅस जातो कुठे?

दिवाळी अंकासाठी संपादकांनी यंदा ‘गारवा’ हा विषय दिला, तेव्हा मला सगळ्यात आधी आठवल्या त्या येलदरीच्या रस्त्यावरच्या पिकअप गाड्या. जिंतूरहून सेनगावकडे जाणारा रस्ता येलदरीवरून जातो, आणि या भागाचा निम्मा व्यवहार पिकअपच्या हौद्यातून चालतो. जलाशयातली मासळी बर्फाच्या पेट्यांतून जाते ती पिकअपनं. जळालेली मोटार रिवाइंडिंगला, सोयाबीनचे कट्टे आडतीला, खताची पोती शेताच्या बांधापर्यंत, लग्नातलं वऱ्हाड मांडवापर्यंत जातं तेही पिकअपनंच. रात्री कुणाच्या छातीत कळ आली, तर परभणीच्या दवाखान्याचा रस्ता धरते तीही बहुतेक वेळा हीच गाडी.

पूर्णा नदीवरचं येलदरी धरण 1968 साली पूर्ण झालं. दहा दरवाजे, सुमारे 934 दशलक्ष घनमीटर साठा, पायथ्याशी साडेबावीस मेगावॅटचं जलविद्युत केंद्र आणि खालच्या अंगाला जोडीचं सिद्धेश्वर धरण. एवढं पाणी शेजारी असूनही उन्हाळ्याची धग काही हटत नाही. एप्रिल-मेमध्ये परभणी जिल्ह्यात पारा 42-43 अंशांवर मुक्काम ठोकतो. पिकअपच्या केबिनमध्ये डिझेल इंजिनाची धग, डोक्यावरचा तापलेला पत्रा आणि समोरच्या काचेतून थेट मांडीवर पडणारं ऊन यांची भर पडते. बाहेर 40 अंश असताना उन्हात बंद करून ठेवलेल्या गाडीतली हवा तासाभरात 55-60 अंशांपर्यंत जाते. माल उतरवून परतणारा चालक त्या हवेत बसतो आणि तापलेलं स्टेअरिंग फडक्यानं धरून गाडी काढतो.

ज्या गाडीबरोबर मी जिंतूरच्या एसी दुरुस्तीच्या गॅरेजात गेलो, ती येलदरीची, डबल केबिनची जुनी पिकअप होती. पुढे-मागे मिळून पाच माणसं बसतात, मागे हौदा. एसी कंपनीतूनच बसून आलेला. अलीकडची काही वर्षं मात्र तो उन्हाळ्याच्या तोंडालाच काय तो चालायचा. मार्चमध्ये गॅस भरायचा, एप्रिल अर्धा सरला की हवा कोमट.

“उस्ताद, औंदा दुसऱ्यांदा गॅस भरायलो बगा,” गाडीवाल्यानं उतरता उतरता सांगितलं.

उस्तादांनी, म्हणजे गॅरेजच्या मिस्त्रीनं, बॉनेटला हात लावायच्या आधीच विचारलं, “आन् गॅस जातो कुठं, ते इचारलं का कुणाला?”

या एका प्रश्नासाठी हा लेख लिहितो आहे. मराठवाड्यात, आणि मराठवाड्यातच कशाला, एसी थंड करीना झाला की लोक ‘गॅस भरून आणतो’ म्हणतात. जणू तो डिझेलसारखा जळून संपतो. गाडीचा एसी हा बंद फेरा आहे. त्यातला गॅस फिरतो, द्रव होतो, पुन्हा वायू होतो, पण खर्च होत नाही. रबरी पाइपांतून आणि कॉम्प्रेसरच्या सीलमधून वर्षानुवर्षं थोडाथोडा झिरपतो, ते खरं. दीड महिन्यात हवा कोमट झाली, तर मात्र कुठे तरी भोक आहे.

माठाचं तत्त्व, अॅल्युमिनियमची पेटी

माठ पाझरतो, वरचं पाणी वाळतं आणि वाळताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. एसीही उष्णता अशीच उचलतो. फरक इतकाच की माठावरचं पाणी हवेत जातं ते कायमचं, आणि एसीतला द्रव पुन्हा पकडून, दाबून, परत वापरात आणला जातो.

गाड्यांमध्ये सध्या बहुतांशी असणारा आर-134ए हा पदार्थ साध्या हवेच्या दाबाला उणे 26 अंशांवर उकळतो. कॉम्प्रेसर त्याचा वायू दाबतो, रेडिएटरच्या पुढे बसलेल्या कंडेन्सरमध्ये तो बाहेरच्या हवेला उष्णता देऊन द्रव होतो. मग एक्सपांशन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून तो डॅशबोर्डामागच्या एका अॅल्युमिनियमच्या पेटीत सुटतो. तिथे दाब एकदम उतरून दर चौरस इंचाला 30 पौंडांच्या आसपास येतो. त्या दाबाला हा द्रव शून्याच्या जरा वर, एक-दोन अंशांवर उकळतो, आणि उकळायला लागणारी उष्णता केबिनच्या हवेतून घेतो. ब्लोअर त्या पेटीतून हवा ढकलत असतो. तीच पेटी म्हणजे इव्हॅपोरेटर. गॅरेजात तिला सगळे ‘कूलिंग कॉइल’ म्हणतात.

केबिनमध्ये येणारा सगळा गारवा या एका पेटीतून येतो आणि गाडीतल्या सगळ्यात अवघड जागी तीच बसवलेली असते. अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीनं 1939 साली कारखान्यातून बसवलेला एसी विकायला काढला, तेव्हा त्याची कॉइल मागच्या सीटच्या मागे होती आणि डिकीची बरीच जागा खायची. कॉम्प्रेसरला क्लचही नव्हता. थंडी नको असेल तर बेल्ट उतरवून ठेवायचा. पुढे कॉइल आक्रसत डॅशबोर्डाच्या पोटात गेली आणि डिकी मोकळी झाली. तिच्यापर्यंत पोचण्याची वाट मात्र तेव्हापासून अवघड झाली. 1988 साली पुण्याहून टाटामोबाइल बाहेर पडली तेव्हा आपल्याकडे पिकअप म्हणजे मालाची गाडी होती, चालकाच्या गारव्याचा विचार फार पुढची गोष्ट. जुन्या पिकअपांच्या केबिनची मापं पाहिली की हे कळतं. एसीचा डबा तिथे बेतून नाही, कोंबून बसवलेला वाटतो.

इंजिन बंद असताना गेज काय सांगतं

उस्तादांनी गेजची निळी आणि तांबडी नळी जोडली, इंजिन बंद ठेवलं. मला वाटलं होतं, गाडी चालू करून पाहतील. पण बंद गाडीच जास्त खरं बोलते. फेऱ्यात कुठेही थोडा द्रव शिल्लक असेल, तर दोन्ही काटे एका आकड्यावर येतात आणि तो आकडा फक्त हवामानावर ठरतो. 40 अंशांच्या दुपारी तो साधारण 130 पौंड यायला हवा. 130 दाखवलं म्हणजे गॅस पुरेसा आहे असं मात्र नाही. थोडा द्रव उरलेला असला तरी काटा तिथेच असतो. या गाडीचे काटे 70 च्या पलीकडे सरकले नाहीत. म्हणजे द्रव संपलेला, पाइपांत नुसता वायू. आणि गॅस भरून फार दिवस झाले नव्हते.

नुसत्या दाबावर गॅस भरणाऱ्यांचं इथेच चुकतं. काटा बघायचा, थोडा गॅस सोडायचा, हाताला हवा गार लागली की पैसे घ्यायचे. गॅस कमी पडला तर कॉइलचा काहीच भाग गार राहतो. जास्त झाला तर कंडेन्सरमध्ये द्रव साचतो, वरचा दाब वाढतो आणि कॉम्प्रेसरवर भार येतो. आमच्याकडच्या उन्हात हा वरचा दाब आधीच 230 पौंडांच्या पुढे गेलेला असतो.

गळती शोधण्यात उस्तादांनी घाई केली नाही, आणि मला या सगळ्या कामातला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. गॅसबरोबर फेऱ्यात तेल फिरत असतं. जिथून गॅस सुटतो तिथे तेलाचा ओशट डाग पडतो आणि त्यावर धूळ चिकटते. म्हणून आधी डोळे. कंडेन्सरच्या पुढे खडी लागून वाकलेल्या पात्या, पाइपांचे जोड, कॉम्प्रेसरच्या क्लचमागची जागा, सगळं कोरडं. मग ब्लोअर बंद ठेवून थोडा वेळ थांबणं. हा वायू हवेपेक्षा जड असतो, कॉइलमधून सुटला तर ती ज्या डब्यात बसते त्याच्या तळाशी साचतो आणि पाणी बाहेर टाकणाऱ्या नळीतून खाली येतो. उस्तादांनी गाडीखाली शिरून त्या नळीच्या तोंडाशी डिटेक्टर धरला आणि तो किंचाळायला लागला.

उस्तादांच्या हाताखालच्या पोऱ्यानं नळीच्या टोकाला बोट फिरवून दाखवलं. बोटावर तेल होतं.

“कॉइल गेली, भाऊ,” उस्ताद म्हणाले. “आता गॅस भरणं म्हंजी चाळणीत पाणी वतणं.”

कॉइल कुजते कशानं

गाडीवाल्याला पहिली शंका आली ती जोडकामाची. अॅल्युमिनियमचं आर्गन वेल्डिंग होतं, मग भोक बुजवून का चालत नाही? भोक एकच असतं आणि ते वरून दिसलं असतं तर चाललंही असतं. पण आतून-बाहेरून कुजलेल्या कॉइलमध्ये एक भोक बुजवलं की शेजारची पातळ झालेली जागा पुढच्या उन्हाळ्यात सुटते, आणि त्यासाठी सगळी मजुरी पुन्हा. बाजारात गळती बुजवणारं रसायनही मिळतं. ते फेऱ्यात सोडायचं आणि भोकापाशी हवेतल्या ओलीनं ते घट्ट होतं म्हणतात. पण फेऱ्यात कुठे ओल राहिली असेल तर ते तिथेही घट्ट होतं, एक्सपांशन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातसुद्धा. उस्ताद ते दुकानात ठेवत नाहीत, आणि मला त्यांचं पटलं.

जुनी कॉइल बाहेर आली तेव्हा ती कुजण्याचं कारण हातात धरता आलं. गार पात्यांवर हवेतली वाफ पाणी होऊन उतरते, म्हणून कॉइल चालू असताना सतत ओली असते. तिच्यावर रस्त्याची धूळ येऊन बसते. या भागातली काळी माती बारीक दळलेली, चिकट. त्यात सोयाबीनचा भुस्सा, कापसाचे तंतू, वाळल्या पानांचा चुरा. जुन्या पिकअपांत केबिनच्या हवेला गाळणीच नसते. काचेखालच्या जाळीतून येईल ते थेट कॉइलवर. पात्यांच्या खालच्या अर्ध्या भागावर या सगळ्याचा बोटभर थर बसला होता, वाळलेल्या नाल्याच्या गाळासारखा वास येत होता. पाणी बाहेर टाकणारी नळी त्याच गाळानं अर्धी बुजलेली. म्हणजे एसी बंद झाल्यावरही कॉइलचा तळ कितीतरी वेळ ओलाच राहायचा. ओल, माती आणि मातीतले क्षार एकत्र आले की अॅल्युमिनियमला सुईच्या टोकाएवढे खड्डे पडत जातात, आणि एक दिवस त्यातला एक आरपार जातो.

एसी लावल्यावर कुबट वास येणं, चालकाशेजारच्या माणसाच्या पायावर पाणी टपकणं, ब्लोअर पूर्ण लावूनही वारा कमी येणं. गाडीवाल्याला ही तिन्ही लक्षणं ठाऊक होती. त्यानं ती गाडीच्या वयावर घातली होती. त्या वेळी खालची नळी तारेनं साफ केली असती आणि कॉइल धुतली असती, तर ती बरीच वर्षं टिकली असती.

डॅशबोर्ड उतरतो तेव्हा

काही गाड्यांत सामानाचा कप्पा काढला की डब्यापर्यंत हात जातो. काहींत डॅशबोर्ड पूर्ण उतरवावा लागतो. ही दुसऱ्या जातीतली. बॅटरीची निगेटिव्ह तार सुटली, फेऱ्यात उरलेला गॅस बाहेर गेला (त्याबद्दल पुढे बोलायचं आहे), आणि इंजिनाच्या बाजूनं पत्र्याच्या भिंतीतून आत जाणारे दोन पाइप मोकळे झाले. पाइपांची तोंडं पोऱ्यानं लगेच प्लास्टिकच्या बुचांनी बंद केली. यातलं तेल हवेतली ओल शोषतं, म्हणून उघड्या पाइपाला इथे कुणी क्षणभरही तसंच ठेवत नाही.

मग केबिनमधलं काम. मीटरचं पॅनेल, रेडिओची जागा, वाऱ्याच्या जाळ्या, हँडब्रेकजवळचं आवरण. प्रत्येक जागेचे स्क्रू वेगळ्या वाटीत, आणि वाट्या ज्या क्रमानं काम झालं त्या क्रमानं जमिनीवर मांडलेल्या. दहा-बारा वर्षं ऊन खाल्लेलं प्लास्टिक ठिसूळ होतं. खुंट्या जोरानं ओढल्या की तुटतात, आणि जुन्या मॉडेलच्या खुंट्या दुकानात मिळत नाहीत. उस्ताद प्रत्येक खुंटीखाली लाकडी पट्टी घालून ती उचलत होते. तारांच्या प्लगांना पोऱ्यानं रंगीत चिकटपट्ट्या लावल्या. डॅशबोर्ड बाहेर आला तेव्हा केबिन ओळखू येईना. आडवी लोखंडी पट्टी, तारांचा जुडगा आणि डावीकडे काळा डबा.

डबा दोन फाळ्यांचा. खटके आणि स्क्रू काढले की कॉइल आडवी निघते. त्याआधी उस्तादांनी एका बारीक तारेकडे बोट दाखवून पोऱ्याला ती नीट पाहून ठेवायला सांगितलं. कॉइलच्या पात्यांत खोचलेला तो तापमानाचा सेन्सर. कॉइल गोठायला आली की तो कॉम्प्रेसर बंद करायला लावतो. नव्या कॉइलमध्ये तो चुकीच्या जागी खोचला, तर पात्यांवर बर्फ धरतो, वारा अडतो आणि चार दिवसांनी गाडी परत दारात. नवीन कॉइल आणली की तेवढ्यात काम झालं असं बाहेरून वाटतं; खरं काम या असल्या तारांत असतं.

नव्या कॉइलबरोबर एक्सपांशन व्हॉल्व्ह नवा, जोडांतल्या रबरी रिंगा नव्या, आणि ड्रायर नवा. ड्रायरच्या आत ओल शोषणारे दाणे असतात. फेरा एकदा उघडला की ते हवेतली ओल पिऊन बसतात. गाडीवाल्यानं ड्रायर वाचवायचा प्रयत्न केला. “फिल्टर तर चांगलाय की, उस्ताद.” उस्तादांनी मान हलवली आणि नवाच बसवला. रिंगांना कॉम्प्रेसरचंच तेल लावलं, जोड हातानं बसवून मग पान्यानं बेतानं आवळले. जुन्या कॉइलमध्ये अडकून गेलेलं तेल भरून काढायला मोजपात्रातून 40 मिलीच्या आसपास नवं तेल घातलं. कमी तेल पडलं तर कॉम्प्रेसर घासतो, जास्त झालं तर तेच तेल कॉइलच्या आत पसरून गारवा अडवतं.

पंप चालू, माणसं गप्प

जोडणी झाली तरी गॅस लगेच भरला नाही. आधी नायट्रोजन भरून 150 पौंडांचा दाब दिला, जोडांवर साबणाचा फेस लावला, काट्यावर खडूनं खूण केली. काटा हलला नाही. मग व्हॅक्यूम पंप लागला.

हा पंप नुसती हवा काढत नाही. दाब पुरेसा उतरला की पाणी 25 अंशांवरही उकळतं, म्हणजे पाइपांच्या आतली ओल वाफ होऊन बाहेर ओढली जाते. त्यासाठी गेजवर पाऱ्याच्या 29 इंचांपर्यंत व्हॅक्यूम लागतं आणि ते अर्धा-पाऊण तास टिकावं लागतं. घाईच्या दुकानांत हीच पायरी दहा मिनिटांवर येते. आत राहिलेल्या ओलीचा थेंब एक्सपांशन व्हॉल्व्हच्या छिद्रात गोठतो, एसी थंड होता होता थांबतो, थोड्या वेळानं आपोआप चालू होतो, आणि गाडीवाला पुन्हा म्हणतो, गॅस भरून बघू. पंप बंद केल्यावरही उस्तादांनी गेज तसंच लावून ठेवलं. काटा जागेवर राहिला, तेव्हा त्यांनी सिलिंडर वजनकाट्यावर ठेवला.

बॉनेटच्या आतल्या पट्टीवर गॅसचं वजन लिहिलेलं होतं, ग्रॅममध्ये. तेवढाच मोजून भरला. बाहेर चाळिशीचं ऊन असताना जाळीतली हवा बाराच्या आसपास आली. गाडीवाला दार लावून आत बसला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

सहाशे ग्रॅम

फेऱ्यात उरलेला गॅस हवेत सोडला गेला, हे वर लिहिलं. तो ओढून घेऊन साठवणारं रिकव्हरी मशीन या दुकानात नव्हतं. तालुक्याच्या गावातल्या छोट्या गॅरेजाला ते परवडत नाही.

पूर्वी गाड्यांत आर-12 असायचा. तो ओझोनचा थर खातो म्हणून 1987 सालचा माँट्रियल करार झाला, भारत त्यात 1992 साली आला आणि 2010 पासून आपल्याकडे तो बंद झाला. त्याच्या जागी आलेला आर-134ए ओझोनला हात लावत नाही, पण उष्णता धरून ठेवण्यात तो वजनास वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 1,430 पट. एका गाडीचा सहाशे ग्रॅम गॅस सुटला, तर हिशेब साडेआठशे किलोंवर जातो. तेवढा कार्बन डायऑक्साइड सुमारे 320 लिटर डिझेल जाळल्यावर निघतो. दर उन्हाळ्यात दोनदा ‘गॅस भरून’ आणणारी गळकी पिकअप डिझेलच्या पावतीवर न दिसणारं एवढं काही आभाळात सोडत असते, आणि तिचा मालक त्यासाठी पैसे मोजत असतो.

2016 च्या किगाली दुरुस्तीला भारतानं 2021 साली मान्यता दिली. त्यानुसार या जातीच्या गॅसांचा वापर 2028 पासून गोठवायचा आणि 2032 पासून उतरवत न्यायचा आहे. म्हणजे येलदरीच्या रस्त्यावर आज धावणाऱ्या गाड्या म्हाताऱ्या होतील, तोवर त्यांच्यात भरायचा गॅस कमी मिळू लागलेला असेल. 2019 च्या राष्ट्रीय शीतकरण आराखड्यात एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र द्यायचं उद्दिष्ट होतं. ते प्रशिक्षण बॉनेटखाली शिकलेल्या पोऱ्यापर्यंत पोचलं पाहिजे, आणि त्याच्याबरोबर मशीनही.

साडेतीन टनांच्या आत

केंद्र सरकारच्या अधिसूचनेनुसार 2025 पासून नव्यानं तयार होणाऱ्या मालट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा झाला. चालकाचं अंग हेही रस्त्याच्या सुरक्षेचा भाग आहे, हे सरकारनं लेखी मान्य केलं, आणि मी त्याचं मनापासून स्वागत करतो. पण ही सक्ती साडेतीन टनांच्या वरच्या वाहनांना आहे. बहुतेक पिकअप त्या रेषेच्या आत पडतात. लांब पल्ल्याच्या ट्रकइतकंच ऊन त्यांचे चालक खातात, गावागावांत थांबत, चढ-उतार करत, सावलीला न थांबता खातात. नव्या पिकअपला एसी घ्यायचा की नाही, हे ती घेणाऱ्याच्या ऐपतीवर राहिलं. आणि मराठवाड्यात पिकअप बहुतेकदा जुनीच घेतली जाते, दुसऱ्या-तिसऱ्या हातातून.

म्हणून इथे चालकाचा गारवा कारखान्यात ठरत नाही, तो जिंतूरसारख्या गावातल्या गॅरेजात ठरतो. कॉइल, व्हॉल्व्ह, ड्रायर, तेल, गॅस आणि दोन माणसांची दिवसभराची मजुरी असं मिळून बिल काही हजारांत गेलं. गाडीवाल्यानं अर्धे पैसे रोख दिले, उरलेले सोयाबीनवर. उस्तादांनी वहीत लिहून घेतलं आणि सांगितलं, “दर महिन्याला गाडीखाली बगायचं, पानी पडायलंय का. नाही पडलं तर तिकडूनच फोन कर, इकडं येऊ नको. तार घालायचं मी फोनवर सांगतो.”